कोइंब्राला निघालेल्या एका मुलीला पत्र

प्रिय बाळा,

पोर्तुगालच्या कोइंब्रा युनिव्हर्सिटीत ॲडमिशन झाल्याचा तुझा मेसेज काल रात्री उशिरा बघितला, खूप खूप अभिनंदन. आईला पण सांग माझ्याकडून. पण त्यात तू ते जे लिहिलंयस ना, "मॅडम, सव्वासातशे वर्षांची युनिव्हर्सिटी, मला आत पाय टाकायचीच भीती वाटतेय", ते वाचून झोप गेली माझी. फोनवर हे सगळं होणार नाही, म्हणून लिहूनच काढते. लांबलं तर लांबलं, दोन हप्त्यांत वाच.

आधी त्या सव्वासातशे वर्षांचं बघू. पोर्तुगालच्या राजा दिनिशनं १ मार्च १२९० ला लायरियातून युनिव्हर्सिटीची सनद काढली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोप निकोलस चौथ्यानं मान्यता दिली, एवढं खरं आहे. पण युनिव्हर्सिटी सुरू झाली लिस्बनला! १३०८ मध्ये ती कोइंब्राला हलवली, १३३८ ला परत लिस्बन, १३५४ ला पुन्हा कोइंब्रा, १३७७ ला पुन्हा लिस्बन, म्हणजे बदलीच्या नोकरीतल्या तलाठ्यासारखी गाठोडं बांधून फिरत होती ती, आणि शेवटी १५३७ मध्ये राजा जुआंव तिसऱ्यानं तिला कोइंब्राच्या टेकडीवर कायमची बसवली, तीही स्वतःच्या राजवाड्यात. राजवाडा युनिव्हर्सिटीच्या मालकीचा व्हायला अजून साठ वर्षं गेली, १५९७ ला तो राजाकडून रीतसर विकत घेतलाय. म्हणजे ज्या जागेसमोर तू घाबरून उभी राहणारेस तिथला सलग मुक्काम पाचशे वर्षांचासुद्धा नाहीये अजून. ब्रोशरवर १२९० मोठ्ठं छापतात, छापू देत, ते खोटं नाहीये, पण तू इतिहासाची विद्यार्थिनी आहेस, तू त्या आकड्यानं दबून जायचं कारण नाही.

मी इतकी वर्षं तिथल्या कागदांत डोकं घालून बसले, त्यातून मला एकच गोष्ट तुला सांगायचीय. ही संस्था किती जुनी हे सोड, प्रत्येक काळात तिनं कोणाला आत घेतलं, कोणाला बाहेर काढलं आणि आतल्यांपैकी कोण कोणाशी भांडलं ते बघ. तसं बघितलंस की ती जागा तुला परकी वाटणार नाही, कारण त्या भांडणात आपली माणसं पण आहेत.

गार्सिया द ओर्ता घे. पणजीच्या बागेला नाव आहे तोच, तू लहानपणी तिथे खेळली असशील. हा डॉक्टर युनिव्हर्सिटी लिस्बनला होती तेव्हा तिथे शिकवायचा. १५३४ ला तो गोव्याला निघून आला, मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं, आणि इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. मूळ घराणं ज्यू, वरवर ख्रिस्ती. तो मेल्यावर त्याच्या बहिणीला, कातारिनाला, इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मचौकशीच्या न्यायालयानं, १५६९ मध्ये जिवंत जाळलं आणि १५८० मध्ये ओर्ताची हाडं उकरून काढून ती पण जाळली. तिकडे कोइंब्रात काय वेगळं होतं? १५४८ ला तिथे कलेजिओ दास आर्तेश नावाचं कॉलेज सुरू झालं, फ्रान्सहून चांगले चांगले मास्तर आणले, त्यात जॉर्ज ब्यूकॅनन हा स्कॉटिश कवी-पंडित होता, आणि दोन वर्षांत त्यातल्या काही जणांना इन्क्विझिशननं उचललं. १५५५ ला कॉलेज जेझुइटांच्या, म्हणजे त्या कॅथलिक पाद्र्यांच्या संघाच्या, हातात. पुढे १६२४ मध्ये आंतोनियु ओमें नावाचा धर्मकायद्याचा प्रोफेसर, चांगला नावाजलेला, त्याला जाळलं. ओर्ताचं पुस्तक तू वाचलेलं आहेसच, आता ते ह्या लोकांच्या शेजारी ठेवून वाच, म्हणजे गोव्याचा इतिहास आणि पोर्तुगालचा इतिहास असे दोन पेपर वेगळे लावायची आपल्याकडे जी सवय आहे ती किती चुकीची आहे ते दिसेल.

जेझुइटांना नुसतं खलनायक करू नकोस हं पण. त्याच काळात क्लाव्हियस नावाचा जर्मन मुलगा कोइंब्रात शिकत होता, १५६० च्या ऑगस्टमधलं खग्रास सूर्यग्रहण त्यानं तिथून बघितलं आणि पुढे १५८२ ची जी नवी कॅलेंडर आली, जी आज तुझ्या मोबाइलमध्ये आहे, तिच्या गणितातल्या मुख्य माणसांपैकी तो एक. पेद्रो नूनेश तिथे गणित शिकवायचा, जहाजानं एकच दिशा धरून ठेवली तर पृथ्वीच्या गोलावर तिचा मार्ग कसा वळत जातो हे त्यानं मांडलं. आता ही जहाजं कुठे येत होती ते तुला मी सांगायला नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ह्याच्यावर मी थोडी जास्त बोलणारे. स्पॅनिश लोकांनी १५५१ मध्येच लिमा आणि मेक्सिकोला युनिव्हर्सिट्या काढायची परवानगी दिली. पोर्तुगीजांनी आपल्या वसाहतींमध्ये काय केलं? शून्य. धर्मपीठाची कॉलेजं होती, पण पदवी हवी असेल तर समुद्र ओलांडून कोइंब्राला या. एव्होराला जेझुइटांची एक होती १५५९ ते १७५९, तेवढी सोडली तर १९११ पर्यंत अख्ख्या पोर्तुगीज साम्राज्यात युनिव्हर्सिटी ही एकच! आफ्रिका, ब्राझील, गोवा, मकाव, सगळ्यांचे न्यायाधीश, बिशप, वरचे अधिकारी ह्या एका टेकडीवरून घडून यायचे. हे काही नजरचुकीनं झालेलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पदवी एकाच ठिकाणी मिळते म्हटल्यावर वसाहतीतली हुशार श्रीमंत पोरं तरुणपणीच राजधानीच्या बाजूची होऊन जातात, निदान तसा हिशोब असतो. पण हिशोब चुकतो कधीकधी. जोझे बोनिफासियु ब्राझीलहून आला, कोइंब्रात शिकला, तिथेच धातुशास्त्र शिकवलं, आणि म्हातारपणाकडे झुकल्यावर परत जाऊन १८२२ मध्ये ब्राझीलच्या स्वातंत्र्याचा मुख्य कारभारी झाला.

आणि आपल्याकडे? पणजीला मेडिकल स्कूल १८४२ ला, ठीक आहे, मोठी गोष्ट होती ती. पण युनिव्हर्सिटी गोव्यात आली १९८५ ला. मुंबई युनिव्हर्सिटी १८५७ ची. म्हणून तर फोंडा-डिचोलीकडची आपली पोरं मुंबई, पुणे, बेळगाव, धारवाडकडे पळाली, मराठी इंग्रजी शिकली, आणि सासष्टी-बार्देशातली ख्रिस्ती घरची, जमीनजुमला असलेली काही मुलं बोटीनं लिस्बनला उतरून कोइंब्राला गेली. एकाच छोट्या प्रदेशातून शिक्षणाच्या दोन वाटा दोन साम्राज्यांकडे गेल्या. तुझ्या डेझर्टेशनला विषय मिळत नाही म्हणून रडत होतीस ना, हा घे. एकाच तालुक्यातली, एकाच पिढीतली, एक मुंबईला गेलेली एक कोइंब्राला, दोघं परत येऊन काय बोलली, कुठे लिहिलं, एकमेकांचं वाचलं का.

पोंबालचं, म्हणजे अठराव्या शतकातल्या पोर्तुगालच्या सर्वेसर्वा मंत्र्याचं, थोडक्यात सांगते कारण ते तुला वर्गात कंटाळा येईपर्यंत सांगणारच आहेत. १७५९ ला त्यानं जेझुइटांना हाकललं आणि १७७२ ला युनिव्हर्सिटीचे नियम मुळापासून बदलले, गणित आणि निसर्गविज्ञानाच्या फॅकल्ट्या, केमिस्ट्रीची लॅब, वेधशाळा, बोटॅनिकल गार्डन सगळं तेव्हाचं. लॅबच्या इमारतीत आता सायन्स म्युझियम आहे, नक्की जा, तिथली जुनी उपकरणं बघण्यासारखी आहेत. जुआनिना लायब्ररी म्हणजे ती सोनेरी कोरीवकामवाली, जिचा फोटो तू मला पाठवलास, ती त्याच्याही आधीची, जुआंव पाचव्यानं १७१७ ते १७२८ मध्ये बांधवलेली. हो, तिथे खरंच वटवाघळं आहेत, रात्री ती पुस्तकं खाणारे किडे खातात, आणि संध्याकाळी जुन्या टेबलांवर चामडं अंथरतात घाण पडू नये म्हणून. सुंदर आहे, प्रश्नच नाही, पण टुरिस्टांच्या रांगा असतात आणि ठरलेल्या वेळेलाच आत सोडतात, मला विचारशील तर एकदा बघ आणि पुढे चल. खाली जुना तुरुंग आहे तो मात्र बघ, विद्यार्थ्यांना कोंडायला युनिव्हर्सिटीचा स्वतःचा तुरुंग होता! आत घेणं आणि बाहेर काढणं म्हणते मी त्यात हे तिसरं, आत ठेवणं.

बायकांचं विचारशील म्हणून सांगते. दोमितिला द कार्व्हाल्यु १८९१ ला आली, पहिली. म्हणजे सनदेनंतर सहाशे वर्षांनी. आणि पहिली बाई प्रोफेसर, कारोलिना मिखाएलिस, १९११ ला. त्याच सुमाराला नवीन रिपब्लिकनं थिऑलॉजीची फॅकल्टी बंद करून तिच्या जागी फॅकल्टी ऑफ लेटर्स काढली, म्हणजे तू जिथे शिकणारेस तीच. पाद्र्यांच्या जागेवर तू बसणारेस, हे मला तरी भारी वाटतं.

आता सालाझार, पोर्तुगालचा हुकूमशहा. आपल्याकडे हे नाव घरात शिवीसारखं घेतलं जायचं. तो ह्याच युनिव्हर्सिटीचा, लॉचा विद्यार्थी, मग इकॉनॉमिक्सचा प्रोफेसर, १९२८ ला अर्थमंत्री झाला, १९३२ पासून १९६८ पर्यंत पंतप्रधान. आजूबाजूला कोइंब्राचेच बरेच प्रोफेसर मंत्री म्हणून घेतले. पण बघ, ज्या १९२८ ला तो लिस्बनला गेला त्याच वर्षी कोइंब्रात दोन गोंयकार पोरं इंदिया नोव्हा नावाचं छोटंसं वर्तमानपत्र काढत होती, आदेओदात बार्रेतो आणि तेलो मास्कारेन्हस. भारतीय संस्कृती, गांधी, टागोर ह्यांच्याबद्दल पोर्तुगीजमध्ये लिहायची, तेही पोर्तुगीज वाचकांसमोर. बार्रेतो १९३७ मध्ये गेला, तिशी नुकतीच ओलांडलेली. मास्कारेन्हस पुढे गोवामुक्तीच्या लढ्यात आले आणि पोर्तुगालच्या तुरुंगात वर्षानुवर्षं सडले, गोवा मुक्त झाल्यानंतरसुद्धा! एकच शाळा, एकच टेकडी, त्यातून हा पण निघाला आणि ते पण. मराठीत ह्या दोघांवर फार कमी लिहिलंय, आपल्याला पोर्तुगीज येत नाही हे कारण आहेच, पण पोर्तुगीज शिकलेला तो तिकडचा असा एक जुना आकस पण आहे आपल्यात. तू तो बरोबर नेऊ नकोस.

सालाझारच्या राज्यात १९४० च्या दशकात जुनी वस्ती पाडली. टेकडीवरचा भाग म्हणजे आल्ता, तिथे गल्ल्या, घरं, दुकानं, माणसं होती, सगळी उठवली आणि भल्यामोठ्या चौकोनी पांढऱ्या इमारती उभ्या केल्या, समोर पुतळे, सव्वाशे पायऱ्यांचा जिना. तुझी फॅकल्टी त्यातल्याच एका इमारतीत आहे. २०१३ ला युनेस्कोनं आल्ता आणि सोफिया रस्ता जागतिक वारसा म्हणून घोषित केला, चांगलंच झालं, पण वारसा म्हणून जे दाखवतात त्याच्या खाली काय पाडलं होतं ते विचारत जा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचार, सांगतात, त्यांच्या आईबापांना तिथून उठवलेलं असतं.

आणि १९६९. हे नीट वाच. गोवामुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे त्या वर्षी जानेवारीत पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले, तुला माहितीय. त्यानंतर तीन महिन्यांनी, १७ एप्रिलला, कोइंब्रात मॅथेमॅटिक्सच्या नव्या बिल्डिंगचं उद्घाटन, राष्ट्राध्यक्ष अमेरिकु तोमाश आलेले. विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष आल्बेर्तु मार्तिंश, लॉचा पोरगा, उभा राहिला आणि विद्यार्थ्यांच्या वतीनं बोलायची परवानगी मागितली. बस, एवढंच. घोषणा नाही, दगड नाही. परवानगी मिळाली नाही, पाहुणे घाईघाईनं निघून गेले, आणि पोरांनी त्याच हॉलमध्ये स्वतःचं उद्घाटन करून टाकलं. रात्री मार्तिंशला अटक. मग क्लास बंद, परीक्षांवर बहिष्कार, गावात पोलीस. जूनमध्ये काय झालं तर विद्यार्थ्यांच्या संघटनेतून निघालेला अकादेमिका हा फुटबॉल क्लब नेमका पोर्तुगाल कपच्या फायनलला पोचला, बेन्फिकाविरुद्ध, आणि स्टेडियममध्ये हजारो लोकांसमोर फलक फिरले. त्या दिवशी मॅच टीव्हीवर दाखवली नाही, राष्ट्राध्यक्ष पण फिरकले नाहीत. एक्स्ट्रा टाइममध्ये २-१ नं हरले बिचारे. नंतर पुढाऱ्यांना सक्तीनं लष्करात भरती केलं, आफ्रिकेतल्या वसाहतींचं युद्ध चालू होतं ना. म्हणजे वसाहती सांभाळायला माणसं घडवणाऱ्या संस्थेतल्या पोरांना शिक्षा काय, तर वसाहती सांभाळायला जा! पाच वर्षांनी, एप्रिल १९७४ ला, लष्करानंच ती राजवट उलथवली आणि त्याच वर्षअखेरीला पोर्तुगालनं गोवा भारताचा हे कागदोपत्री मान्य केलं. दरवर्षी १७ एप्रिलला तिथे कार्यक्रम असतात, चुकवू नकोस.

आता आजचं. आठ फॅकल्ट्या आहेत, पंचवीस हजारांहून जास्त विद्यार्थी, इंजिनियरिंग आणि मेडिकल टेकडीवरून खाली वेगवेगळ्या कॅम्पसमध्ये गेलंय. परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यात जास्त ब्राझीलचे, वर्गात तुला पोर्तुगालचं पोर्तुगीज आणि ब्राझीलचं पोर्तुगीज असं दोन्ही ऐकू येईल आणि पहिले दोन महिने दोन्ही कळणार नाही, घाबरू नकोस. ब्राझीलवाल्यांशी दोस्ती कर, वसाहतीचा विषय काढला की तिथले प्रोफेसर जरा सावरून बोलतात, ती पोरं नाही सावरत. फीच्या बाबतीत स्पष्ट बोलू. पदवीच्या देशी विद्यार्थ्यांची फी सरकारनं बरीच वर्षं ६९७ युरोवर रोखून धरलेली, आपल्यासारख्या बाहेरच्यांना त्याच्या दहापटीच्या आसपास जाते. तू सांगत होतीस की तुझ्या आजोबांची जन्मनोंद लिस्बनला आहे आणि काकांनी त्यावर पासपोर्ट काढलाय. तो तुमचा घरगुती निर्णय, मी त्यात पडणार नाही, पण फीसाठी म्हणून काहीही सही करण्याआधी भारतीय नागरिकत्व जातं हे लक्षात ठेव आणि वकिलाला विचार.

मार्क वीसपैकी असतात. दहाला पास, चौदा म्हणजे चांगले, अठरा क्वचित कोणाला. आपल्या नव्वद टक्क्यांच्या सवयीनं पहिल्या सेमिस्टरला तुला रडू येणारच आहे, मला फोन कर.

काळा सूट आणि काळी केप घातलेली पोरंपोरी दिसतील, मे महिन्यात केमा दाश फिताश नावाचा आठवडाभराचा धुमाकूळ असतो, प्रत्येक फॅकल्टीच्या फितीचा रंग वेगळा, लॉ लाल, मेडिकल पिवळा. जुन्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर मध्यरात्री फादो, म्हणजे तिथली पारंपरिक गाणी, गातात, परंपरेनं पुरुषच, आणि टाळ्या वाजवायच्या नसतात, खोकतात. छान असतं, ऐक. पण नवीन विद्यार्थ्यांची जी रॅगिंग चालते परंपरेच्या नावाखाली ती तुला नको वाटली तर सरळ नाही म्हण, सक्ती नसते, आणि नाही म्हणणाऱ्यांची पण तिथे जुनी परंपरा आहे. राहायला रेपुब्लिका मिळाली तर उत्तम, ही विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेली घरं, दोन डझनांच्या आसपास आहेत, एकत्र जेवण, एकत्र खर्च, सगळं मतदानानं आणि भांडणानं ठरतं, भिंतींवर राजकीय चित्रं. स्वच्छतेची फार अपेक्षा ठेवू नकोस.

बाकी थंडी. युरोप म्हणजे घरात हीटर असं आपल्याला वाटतं, तिथल्या जुन्या घरांत बहुतेक नसतोच, भिंतींना ओल येते, बाहेरपेक्षा आत जास्त गारठा. जाड रजई तिथेच घे. फरशी गुळगुळीत दगडांची आणि चढ भयंकर, पावसात घसरतं, चांगल्या ग्रिपचे बूट मात्र इथूनच ने.

आर्काइव्ह तुझ्या फॅकल्टीपासून चालत अगदी जवळ. १५३७ पासूनच्या विद्यार्थ्यांची सूची ऑनलाइन आहे, जायच्या आधीच सुरू कर. आडनावानं शोधू नकोस, फर्नांडिस आणि डिसूझा टाकलंस तर अर्धा पोर्तुगाल येईल, जन्मठिकाणाच्या रकान्यानं शोध, गोवा, मडगाव, सासष्टी, बार्देश, जुनी स्पेलिंग वेगवेगळी करून. नावासोबत बापाचं नाव आणि कुठल्या फॅकल्टीत कधी नाव घातलं ते मिळतं. मग त्यातली पाचसात नावं पणजीच्या आर्काइव्हमध्ये ताडून बघ, निघायच्या आधी वेळ आहे तुला. सापडलेल्या नावांची यादी मला मेल कर, एक्सेलमध्ये, हातानं लिहिलेल्या वहीचे फोटो नको.

आणि हो, लिस्बनहून ट्रेनचं तिकीट काढताना कोइंब्रा-बी स्टेशनचं काढ. गावातलं जुनं स्टेशन २०२५ च्या जानेवारीत बंद झालंय, इंटरनेटवरचे जुने ब्लॉग अजून तेच सांगतात. बी स्टेशनपासून टेकडी लांब आहे, दोन बॅगा घेऊन चालत जायचा शहाणपणा करू नकोस, टॅक्सी कर.

तुझी,
मॅडम